अळणी समुद्र

"हिला अजून थंडी वाजत नाहीये. वाजायला लागेपर्यंत काही बोलायचं नाही."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायची अरुंद जागा आहे, तिथे मी बांबूवरचे चिमटे काढत उभी होते. आत सासूबाई भाजी चिरता चिरता सासऱ्यांशी बोलत होत्या. सासरे म्हणाले, "सुचित्रा, हळू." मग नळ सुटला आणि पुढचं ऐकू आलं नाही.

बाहेर तेहतीस डिग्री होतं. वाळलेल्या टॉवेलचा हाताला चटका बसत होता. फेब्रुवारी चालू होता, पण सिंगापूरच्या उन्हाला महिने कळत नाहीत. अशा गावात सुनेला थंडी वाजते की नाही याची काळजी करणारं सासर मला मिळालं होतं.

गंमत अशी, की मला थंडी वाजत होती. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या दुपारपासून वाजत होती. मी सांगितलं नव्हतं, इतकंच. हर्णैला तीन बडबड्या बहिणींच्या पाठीवर मी जन्मले, त्यामुळे माझ्या वाट्याला बोलणं कमी आणि बघणं जास्त आलं. सासरी तोच गुण ठरला. "चैत्राली शांत आहे हो," असं सासूबाई पुण्याला फोनवर सांगायच्या, नव्या मिक्सरबद्दल सांगावं तसं.

आमचा भाड्याचा फ्लॅट चोआ चू कांगला, सातव्या मजल्यावर. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलं की काही जण आधी विचारतात, दफनभूमीत जायचंय का, कारण ती इथली सर्वांत मोठी. नाही म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. समुद्र आमच्या खिडकीतून दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि माझ्यासारख्या समुद्रावर वाढलेल्या मुलीला त्याचा वासही येत नाही. निदान येऊ नये.

माझा नवरा सौमित्र आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करायचा. दुपारी बरोबर एक वाजता सासूबाई हाक मारायच्या आणि सगळे जेवायला बसायचे. पाच मिनिटं इकडेतिकडे चालायची नाहीत. सासरे, म्हणजे बाबा, स्वेटर घालून आणि कानटोपी चढवून टेबलाशी येत. मला वाटायचं, पुणेकर आहेत, असेल सवय.

पानं मात्र पाच मांडली जात. पाचवं पान सौमित्रच्या डाव्या हाताला, त्याच्या मोठ्या भावाचं. "कुशल परदेशी असतो ना," सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "बाहेरगावच्या माणसाचं पान वाढायची आमच्याकडे पद्धत आहे." मी मान डोलावली. आम्ही सिंगापुरात, म्हणजे आम्हीही बाहेरगावीच, मग आमची पानं पुण्यात कोण वाढतंय, हे काही मी विचारलं नाही.

त्या पानात सगळं वाढलं जायचं. वर मध्यावर मीठ, डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. इथे तूप थिजत नाही. बरणीत बाराही महिने पातळ आणि सोनेरी असतं. आमच्या चार पानांत ते भातावरून ओघळायचं. पाचव्या पानात ते ओघळता ओघळता थांबायचं आणि मी बघत असतानाच पांढरं व्हायचं, मेणबत्तीवरून गळलेल्या मेणासारखं.

आणि उजेड कमी व्हायचा. आभाळ भरून आलं असेल म्हणून खिडकीकडे बघावं तर समोरच्या ब्लॉकवर लख्ख ऊन, दहाव्या मजल्यावरच्या बाईची लाल चादर वाऱ्यावर फडफडतेय. आमच्या टेबलावर मात्र दिवस उजाडायच्या आधीचा राखाडी अंधार. त्यात एक वास यायचा, ओल्या पाइनच्या लाकडाचा आणि धुरावर धरलेल्या मासळीचा, आमच्या शुद्ध शाकाहारी घरात. कुठूनतरी लांबून एक आवाज यायचा, मैलभर ताणलेली तार कुणी बोटानं छेडावी तसा. कोणी मान वर करत नसे. सासूबाई विचारायच्या, "कोशिंबीर घेणार का कुणी?"

*

तो संवाद ऐकला त्याच संध्याकाळी मी सौमित्रला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, घेऊन गेले. घरात विचारता आलं नसतं. कॉफीचे दोन पेले मधे ठेवून म्हटलं, "कुशलभाऊजी नक्की कुठे असतात?"

त्यानं पेल्यात चमचा फिरवला.

"टॅलिनला होता. एस्टोनियाची राजधानी."

"होता?"

"सहा वर्षं झाली." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर शाळेचे गणवेश घातलेली मुलं भांडत होती. "काकुमाए म्हणून एक भाग आहे. आई अजून 'काकूमाय' म्हणते. शहराच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. लाकडी घरं, काचेची नवी घरं, पाइनची झाडं, होड्यांचा धक्का. लोक पोरंबाळं घेऊन राहतात, आपल्याकडे बाणेरला राहतात तसे. त्या नावाचा अर्थ घुबडांची टेकडी. दादा हसायचा, म्हणायचा, आईला सांगू नका, ती मला घर बदलायला लावेल."

"मग?"

"हिवाळ्यात तिथली खाडी गोठते. लोक बर्फावरून फिरायला जातात, भोक पाडून मासे धरतात. दादालाही नाद लागला. फेब्रुवारीतली सकाळ होती. सात वाजले होते, तिकडे तेव्हा अंधारच असतो..."

"तिकडचे सात म्हणजे इथले किती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "एक."

मुलं उठून गेली. सफाईवाल्या काकांनी त्यांच्या बशा गोळा केल्या.

"एका ठिकाणी बर्फ फुटलेला सापडला. पाणबुडे उतरले. तो नाही सापडला."

"आणि दिवस वगैरे?"

"आई करू देत नाही. देह दाखवा, मग करते, म्हणते."

"लग्नात तुम्ही सांगितलंत की त्यांना व्हिसा मिळाला नाही."

"ते एका अर्थी खरंच आहे," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. मग दोघंही हसायचं थांबलो.

त्याचा डावा हात टेबलावर होता. नखं जांभळट झाली होती. मी तो हातात घेतला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा गार आणि वरून ओलसर.

"तो रोज धरतो," सौमित्र हळू आवाजात म्हणाला. "जेवताना. दोन वर्षं झाली. ओढत नाही गं, नुसता धरून बसतो. त्याला काहीतरी सांगायचंय. आई म्हणते, धाकट्यानं तिथे जाऊन हाक मारली तर येईल तो. आमच्या कंपनीचं तिथे ऑफिस आहे, मी दोन आठवड्यांचं काम मागून घेतलंय. काकुमाएतच घर मिळालंय. रविवारी निघतोय."

"आणि तिथे जाऊन काय करणार?"

"एकदाच जायचंय बर्फावर. सात वाजता."

त्याच्या आवाजात भीती नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. लग्नाला तीन महिने झाले होते. ह्या माणसाला भेंडी आवडते की नाही हेसुद्धा मला अजून नक्की ठाऊक नव्हतं. पण तो त्या बर्फावर गेला तर परत येणार नाही, हे मला माहीत होतं, जसं ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या परक्या माणसाकडे बघून आमच्या गावच्या पोरींना कळतं तसं.

मी कॉफी संपवली आणि मनाशी ठरवलं, रविवारच्या विमानात हा बसणार नाही.

*

मंगळवार होता तो. त्यानंतर मी रोज एक गोष्ट नीट बघितली.

बुधवारी फ्रीजवरचा फोटो. चुंबकानं लावलेला, मी तो तीन महिने नुसताच पाहिलेला. गोठलेली खाडी, कडेला पाइनची काळी रांग, आणि पांढऱ्यावर पावलांची एक ओळ. भाऊजींनी त्या सकाळी बर्फावर उतरायच्या आधी, मोबाईलचा दिवा मारून काढलेला आणि घरी पाठवलेला. "त्याची शेवटची पावलं," सासूबाई म्हणायच्या. पण बर्फावर उतरायच्या आधी काढला असेल तर ती त्यांची पावलं कशी? शिवाय वाळूत वाढलेल्या मुलीला जाणारं पाऊल आणि येणारं पाऊल ओळखता येतं. ती पावलं खाडीकडे जात नव्हती. खाडीतून किनाऱ्याकडे येत होती.

गुरुवारी लिफ्टपाशी शेजारच्या चिनी आंटी भेटल्या. चिनी नववर्षाची संत्री हातात दिली आणि म्हणाल्या, "युअर एअरकॉन व्हेरी स्ट्राँग, लाह. आफ्टरनून टाइम, माय डोअर ऑल्सो कोल्ड."

दुपारी आम्ही एसी लावत नाही. बाबांना सोसत नाही.

"अँड टेल युअर हजबंड," आंटी पुढे म्हणाल्या, "वेट शूज, डोन्ट वॉक हिअर. ओल्ड पीपल फॉल डाउन, हाऊ?"

सौमित्र त्या दिवशी घराबाहेर पडलाच नव्हता. मी आंटींना सॉरी म्हटलं. दुसऱ्याच्या बुटांसाठी सॉरी म्हणायची ही काही बायकांची पहिली वेळ नसते.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर पाचव्या खुर्चीखाली पाणी दिसलं. ओंजळभर असेल. फडकं आणलं, वाकले, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून बोट बुडवून जिभेला लावलं. तुम्ही नाक मुरडाल. पण आमच्याकडे लहानपणी खाडीचं पाणी असंच चाखतात, भरती किती आत शिरली ते बघायला. ते समुद्राचं पाणी होतं. शेवाळाचा वास होता, तळाशी बारीक रेती होती. पण मीठ... जवळजवळ नव्हतंच. कुणीतरी समुद्र करायला घेतला आणि मीठ घालायचं विसरला, असा समुद्र.

रात्री सौमित्र बॅग भरत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडचं पाणी कसं असतं?

"बाल्टिक? अळणी," तो म्हणाला. "नद्यांचं पाणीच जास्त. दादा म्हणायचा, आईच्या आमटीसारखा समुद्र आहे."

*

शनिवारी सकाळी मी सासूबाईंना कणीक मळून दिली. त्या पाटावर बसून नारळ खवत होत्या. मी नुसतं म्हटलं, "आई, भाऊजींना काय आवडायचं?"

विळीवर त्यांचा हात थांबला. मला वाटलं, रागावतील. पण सहा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसावं.

"काहीही आवडायचं गं. मीठ असलं की झालं." त्या हसल्या. "ह्यांच्या ब्लडप्रेशरपायी मी सगळं अळणी करायची. तो कायम ओरडायचा, आई, हे जेवण आहे की शिक्षा? त्या दिवशी पुण्यात साडेदहा झाले होते. माझे हात तेव्हा कणकेत. फोन आला, म्हणाला, आई, बर्फावरून चाललोय, भूक लागलीय फार. पान वाढून ठेव, आलोच. आणि यावेळी मीठ घाल हं..."

त्यांचा हात पुन्हा चालू झाला होता. विळीवरून खोबरं खाली पडत राहिलं.

"मी म्हटलं, घालते बाबा. मग कसला तरी आवाज आला. तार तुटल्यासारखा."

"म्हणून रोज वाढता."

"घालते म्हटलंय ना मी त्याला." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आवाज एकदम कोरडा झाला. "नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, चैत्राली. मीठ माणसाच्या पानात. माझं पोर देव झालेलं नाही अजून."

मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की माझा निश्चय जवळजवळ गळाला. आणि मग समजलं, की चूक कुठे झालीय. गेलेल्या माणसाला घास दाराबाहेर ठेवतात. तो कावळ्याचा. घरात, टेबलाशी, मीठ घालून वाढतात ते जिवंत माणसाला. यांनी सहा वर्षं त्याला रोज जेवायला बोलावलं होतं, आणि तो गुणी मुलगा रोज वेळेवर येत होता. एकटा बसून कंटाळला की माणूस शेजाऱ्याचा हात धरतो. यात त्याचंही काही चुकलं नव्हतं.

एकला पाच मिनिटं असताना मी पळी हातात घेतली.

"आज मी वाढते, आई."

त्या जरा चकित झाल्या. मग म्हणाल्या, "वाढ हो. लेकीसारखीच तू."

मी चार पानांत मीठ वाढलं. पाचव्यात कोशिंबीर, भाजी, मूद, वरण, तूप. मीठ नाही. बाबा कानटोपी घालून आले. सौमित्र आला, बसला, आणि त्याचा डावा हात टेबलाखाली गेला, सवयीनं. उजेड ओसरायला लागला.

"मीठ राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"राहिलं नाही."

मी पाचवं पान उचललं आणि दाराबाहेर पडले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण लिफ्ट उभीच होती.

इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. ब्लॉकच्या मागे गटाराच्या कडेला गवताचा पट्टा आहे, तिथे कॅमेरा नाही हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. पान गवतावर ठेवलं. डोक्यावर ऊन असं, की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. तरी त्या भातावरचं तूप पांढरं होतं. उन्हात पाच मिनिटं झाली, सात झाली, ते वितळलं नाही.

कठड्यावर एक कावळा येऊन बसला. इथले कावळे फार धीट, हातातला वडा पळवतात. हा खाली उतरला, पानाभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरला.

"भाऊजी," मी हळूच म्हटलं. आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसाशी बोलताना लाज वाटली. "काय राहिलंय? सांगा ना. मी करते."

कावळ्यानं मान वर केली. मीही त्याच्या नजरेनं वर पाहिलं. सातवा मजला, आमची खिडकी. तिथे सगळे उभे राहून खाली बघत होते. सासूबाई, तोंडाला पदर लावलेला. बाबांची कानटोपी. सौमित्र.

आणि सौमित्रच्या डावीकडे आणखी एक जण.

मी पुन्हा मोजलं. चार. घरात तिघांना ठेवून मी खाली आले होते.

कावळा उडून गेला. पानाला त्यानं चोच लावली नाही.

*

लिफ्टमधे मी अंगठ्यानं सातचं बटण दाबून धरलं होतं, लवकर पोचेल या वेडेपणानं. कॉरिडॉरमधे आंटींच्या दारापासून आमच्या दारापर्यंत ओली पावलं उमटली होती. आत जाणारी. बुटांची.

दार उघडंच होतं. आतला अंधार दुपारचा नव्हता, रात्रीचाही नव्हता. सकाळच्या सात वाजताचा होता, पाइनच्या झाडांमागे उजाडायचं राहून गेलेला. तिघंही टेबलाशी परत बसले होते. आणि पाचव्या जागी नवीन पान होतं. सासूबाईंनी वाढलेलं. वर मध्यावर मिठाचा चांगला ठळक ढीग. त्या ढिगातून चिमूटभर मीठ उचललेलं होतं. बोटांचा खड्डा स्पष्ट दिसत होता.

"त्यानं घेतलं," सासूबाई कुजबुजल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आज पहिल्यांदा घेतलं बघ... उद्या सौमित्र गेला की..."

"सुचित्रा," बाबा म्हणाले. "एक गेला. दुसरा कशाला पाठवतेस?"

"तुम्ही गप्प बसा! सहा वर्षं गप्प आहात, आणखी एक दिवस बसा."

बाबांनी कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते.

सौमित्र कोणाकडेच बघत नव्हता. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास सोडला की त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. चोआ चू कांगला, फेब्रुवारीत, भर दुपारी. "चैत्राली," तो म्हणाला, अगदी समजूतदारपणे, "आजच निघालो तर? विमान बदलून मिळेल. दादाला फार वेळ थांबवणं बरं नाही..."

ती तार पुन्हा वाजली. आता लांब नव्हती. टेबलाच्या खालून, फरशीतून वाजत होती, आणि फरशी माझ्या तळव्यांना बारीक थरथरताना जाणवली, पातळ कशावर तरी आपण उभे असल्यासारखी.

मी टेबलाला वळसा घातला. पाचवी खुर्ची किंचित मागे सरकलेली होती, माणूस बसल्यावर सरकते तितकीच.

"अगं, तिथे नको!" सासूबाई ओरडल्या. "तिथे तो आहे..."

"माहितीय," मी म्हटलं आणि बसले.

कसं सांगू? हर्णैला डिसेंबरच्या पहाटे पाण्यात उतरलेय मी. ते काहीच नव्हे. साडी मांडीपर्यंत भिजली. कोणी मला ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त कानाजवळ कुणीतरी श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. मी समोरचं पान ओढलं. भात, वरण, थिजलेलं तूप, सगळं मीठ त्यात कालवलं, मूठभर होतं ते, आणि घास घेतला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

अळणी होता. इतकं मीठ घालूनही चव त्या फरशीवरच्या पाण्याचीच. मी तो घास गिळला. मग दुसरा. हे पान रिकामं व्हायला हवं होतं, कोणातरी जिवंत माणसाच्या हातून.

तिसऱ्या घासाला मी डावा हात टेबलाखाली नेला आणि सौमित्रचा हात शोधला. सापडला. पण तो मोकळा नव्हता. त्याच्या बोटांत बोटं अडकवून कुणाचा तरी हात आधीच तिथे होता. गार, ओला, आणि बाळाच्या मुठीसारखा घट्ट. मी वाकून पाहिलं नाही. त्या दोन्ही हातांवर माझा हात ठेवला आणि बोटं मिटली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या गार हाताचा अंगठा हलला आणि माझ्या मनगटावरून सावकाश फिरला, नव्या बांगड्या मोजत असल्यासारखा.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, बाबा बघत होते, सौमित्रही आता बघत होता. ही शांत मुलगी आता उठेल आणि मुकाट्यानं आपल्या जागी जाऊन बसेल, याची सगळे वाट बघत होते. माझे दात वाजत होते, म्हणून मी एकेक शब्द सुटा करून बोलले.

"मला थंडी वाजतेय, आई. पहिल्या दिवसापासून वाजतेय. भाऊजी गेले. सौमित्र कुठेही जाणार नाही. आणि रोज एक वाजता ह्या खुर्चीवर मी बसणार, मग हात कोणाचाही असो."